लोखंडी अशनींच्या आकड्यांतून वितळलेला गाभा कसा वाचायचा

पृथ्वीच्या गाभ्यातला नमुना आजवर कोणाच्या हाती आलेला नाही, येण्याची शक्यताही नाही. तो सुरू होतो २,८९० किलोमीटर खोलीवर. पण सौरमालेच्या सुरुवातीला काही छोट्या खगोलांमध्येही असेच धातूचे गाभे तयार झाले, थिजले, आणि पुढे टकरींमध्ये फुटून उघडे पडले. त्यांचे तुकडे लोखंडी अशनी म्हणून आपल्यापर्यंत पोहोचले आहेत. वितळलेल्या धातूत इरिडियम, सोने, गॅलियम, जर्मेनियम अशी अत्यल्प प्रमाणातली मूलद्रव्ये कशी वाटली जातात हे शिकायचे असेल, तर सुरुवात या तुकड्यांपासून करावी.

हा लेख रसायनशास्त्राची बारावीपर्यंतची ओळख आणि एक्सेलसारखी कोष्टक-प्रणाली वापरता येणाऱ्या वाचकासाठी आहे. प्रयोगशाळा लागत नाही. अशनींची छापील विश्लेषणे आणि घातांकांची भीती नसणे, एवढे भांडवल पुरते.

पायरी १: दोन वाटण्या वेगळ्या ठेवा

नवख्यांचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. ग्रहाच्या पोटात अल्पांश मूलद्रव्यांची वाटणी दोनदा होते.

पहिली वाटणी धातू आणि खडक यांच्यात. खगोल तापतो, लोखंड वितळून खाली उतरते आणि जाताना लोहप्रिय मूलद्रव्ये सोबत नेते. मूलद्रव्यांचे लोहप्रिय, पाषाणप्रिय, गंधकप्रिय असे गट व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी १९२०च्या दशकात पाडले आणि ते आजही वापरात आहेत.

दुसरी वाटणी धातूच्या आतच होते. गाभा थंड होऊ लागला की त्यातून घन लोखंड-निकेल वेगळे होऊ लागते. त्या वेळी प्रत्येक मूलद्रव्यापुढे दोन जागा असतात: नुकताच थिजलेला घन धातू किंवा अजून वाहता असलेला द्रव धातू. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या कोकम सरबतात कडेचा बर्फ फिकट होतो आणि रंग-साखर मधल्या न गोठलेल्या भागात गोळा होते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इरिडियमसारखी मूलद्रव्ये उलट वागतात आणि आधी थिजणाऱ्या भागात शिरतात.

या लेखात मुख्यतः दुसरी वाटणी आहे. पहिलीकडे शेवटी जाऊ.

पायरी २: विभाजन गुणांक

घन धातूतले प्रमाण भागिले द्रव धातूतले प्रमाण म्हणजे विभाजन गुणांक. त्याला ‘वि’ म्हणू. वि एकापेक्षा मोठा असेल तर मूलद्रव्य घनात जाते, लहान असेल तर द्रवात साठत राहते. शुद्ध लोखंड-निकेलच्या द्रवात इरिडियम, रेनियम, ऑस्मियम यांचा गुणांक एकाहून जास्त असतो. निकेलचा एकाहून थोडा कमी, आणि सोने व आर्सेनिक यांचा एकाहून बराच कमी.

हे आकडे प्रयोगातून येतात. लोखंडाची आणि लोह-सल्फाइडची पूड घेऊन त्यात हवी ती मूलद्रव्ये चिमूटभर मिसळतात आणि मूस हवा काढलेल्या सिलिका नळीत बंद करतात. घन आणि द्रव धातू एकत्र नांदतील अशा तापमानाला ती तासन्‌तास, कधी कधी कित्येक दिवस ठेवतात आणि मग झटकन पाण्यात थंड करतात. नंतर घन भाग आणि एकेकाळी द्रव असलेला भाग वेगवेगळा मोजतात. थिजलेल्या द्रवात झाडाच्या फांद्यांसारखे स्फटिक आणि त्यांच्या मधे सल्फाइड असे मिश्रण होते, म्हणून एका ठिपक्यावर मोजून चालत नाही. रुंद पट्ट्याची सरासरी घ्यावी लागते. एखाद्या प्रयोगाचा आकडा वापरण्याआधी ती सरासरी कशी घेतली आहे, हे जरूर पाहा.

पायरी ३: योग्य गट निवडा

लोखंडी अशनींची रासायनिक गटवारी आहे. १९५७ मध्ये लव्हरिंग आणि सहकाऱ्यांनी गॅलियम व जर्मेनियमच्या प्रमाणावरून रोमन आकड्यांचे चार गट केले. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत जॉन वासन यांनी अनेक दशके न्यूट्रॉन सक्रियण पद्धतीने (नमुन्यावर न्यूट्रॉनांचा मारा करून मग त्यातून निघणारे किरण मोजून) शेकडो अशनी मोजून ती गटवारी बारीक केली.

गटांसाठी हीच दोन मूलद्रव्ये का निवडली? कारण गटागटांत ती प्रचंड बदलतात, पण एकाच गटात फारशी हलत नाहीत. जर्मेनियम फोर-बी (IVB) गटात ग्रॅममागे ०.०३ ते ०.०७ मायक्रोग्रॅम असते, थ्री-एबीमध्ये (IIIAB) साधारण २७ ते ४७, तर टू-एबीमध्ये (IIAB) १०७ ते १८५. ही दोन्ही मूलद्रव्ये तुलनेने सहज बाष्प होणारी असल्याने प्रत्येक मूळ खगोलाला त्यांचा वाटा कमी-जास्त मिळाला. त्या खगोलाच्या गाभ्यात मात्र त्यांचा गुणांक एकाच्या आसपास राहिला, म्हणून थिजताना त्यांच्यात मोठी फाळणी झाली नाही. म्हणजे जर्मेनियम सांगते की अशनी कोणत्या घरचा आहे, आणि इरिडियम सांगते की त्या घरात तो कितव्या क्रमाने थिजला.

सुरुवात थ्री-एबीपासून करा. हा सर्वांत मोठा गट आहे आणि गाभा टप्प्याटप्प्याने थिजल्याची खूण त्यात स्वच्छ दिसते. ग्रीनलंडमधला केप यॉर्क, अमेरिकेतला विलामेट, ऑस्ट्रेलियातला हेनबरी हे सगळे याच गटातले. केप यॉर्कचा आहनिघितो नावाचा सुमारे ३१ टनांचा तुकडा न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे. तो तिथे नेला जाण्याच्या कितीतरी आधीपासून उत्तर ग्रीनलंडचे इनुइट लोक या अशनीचे लोखंड ठोकून हत्यारे बनवत. हे मला त्याच्या वजनापेक्षा मोलाचे वाटते.

वन-एबी गट आत्ता टाळा. कॅनियन डायब्लो आणि काम्पो देल सिएलो हे प्रसिद्ध अशनी त्यात येतात, त्यामुळे मोह होतो. पण हा गट एका मोठ्या गाभ्याच्या साध्या थिजण्यातून आलेला नाही. त्याच्यावर पुढची गणिते लावली तर उत्तर येईल, पण त्याला अर्थ नसेल.

पायरी ४: आकडे लॉग आलेखावर मांडा

प्रत्येक अशनीसाठी निकेल, सोने, इरिडियम, जर्मेनियम आणि आर्सेनिक असे रकाने करा. एककांकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. निकेल बहुधा मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये असते, बाकीची मायक्रोग्रॅममध्ये, आणि कमी इरिडियमचे आकडे कधी कधी नॅनोग्रॅममध्ये.

आता आडव्या अक्षावर सोने, उभ्या अक्षावर इरिडियम, दोन्ही अक्ष लॉग मापनात. जुन्या लेखांत आडव्या अक्षावर निकेल दिसेल. थ्री-एबीमध्ये निकेल फक्त ७ ते १०.५ टक्क्यांपर्यंत हलते, म्हणजे जेमतेम दीडपट, आणि मोजणीतली थोडीशी चूकही बिंदू बाजूला सारते. सोन्याची व्याप्ती मोठी आहे, म्हणून पुढे वासन यांनीही सोन्याचा अक्ष पसंत केला.

आलेखावर इरिडियम सुमारे २० मायक्रोग्रॅमपासून ०.०१ पर्यंत खाली उतरताना दिसेल. एकाच खगोलाच्या गाभ्यात हजारपटीहून जास्त फरक! असे तिरके पट्टे म्हणजे टप्प्याटप्प्याने थिजण्याची खूण आहे, हे एडवर्ड स्कॉट यांनी १९७२ मध्ये मांडले. ती मांडणी टिकली आहे.

पायरी ५: साधे गणित करा आणि ते कुठे अडते ते पाहा

लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखले जाणारे समीकरण घ्या. उरलेल्या द्रवाचा अंश ‘उ’ धरा: सुरुवातीला १, अर्धा गाभा थिजल्यावर ०.५.

द्रवातले प्रमाण = सुरुवातीचे प्रमाण × उ चा (वि − १) वा घात
त्याच क्षणी थिजणाऱ्या घनातले प्रमाण = वि × द्रवातले प्रमाण

अशनी म्हणजे घन धातू, म्हणून आलेखाशी दुसऱ्या ओळीचे उत्तर जुळवायचे.

आता इरिडियमचा गुणांक १.५ धरा आणि तो शेवटपर्यंत बदलत नाही असे माना. हजारपट घट व्हायला उ चा ०.५ वा घात ०.००१ हवा. म्हणजे उ = ०.०००००१. गाभ्याचा दहा लाखांतला एकच भाग द्रव उरेपर्यंत थिजणे चालू राहायला हवे, आणि तोवर द्रव पूर्ण ढवळलेला राहायला हवा. असे होणे पटण्यासारखे नाही. तरी अशनी समोर आहेत, आकडेही खरे आहेत.

गुणांक ३ धरला तर उ सुमारे ०.०३ येतो. ५ धरला तर ०.१८. म्हणजे गुणांक १.५ पेक्षा बराच मोठा असला पाहिजे. इरिडियमचा स्वभाव तर तोच आहे, मग गुणांक वाढवला कोणी? या प्रश्नावर थोडा वेळ थांबा. पुढे वाचण्याआधी कोष्टकात वेगवेगळे गुणांक घालून पाहिलेत तर पुढची पायरी पाठ करावी लागणार नाही.

पायरी ६: गंधक आणा

उत्तर द्रवात आहे. गाभ्याच्या द्रवात लोखंड-निकेलसोबत गंधकही असते. थिजणारे लोखंड गंधकाला जवळपास थारा देत नाही, त्यामुळे सगळे गंधक उरलेल्या द्रवात साचत जाते. गंधकाचा प्रत्येक अणू लोखंडाचा एक अणू स्वतःभोवती गुंतवून ठेवतो. इरिडियमला हवे असते मोकळे लोखंड. ते द्रवात कमी कमी होत गेले की इरिडियम अधिकच जोराने घनाकडे वळते. गुणांक हा एकट्या मूलद्रव्याचा गुणधर्म नाही. ते ज्या द्रवातून निघते त्या द्रवाचाही त्यात तितकाच वाटा आहे, आणि तो द्रव दर टप्प्याला बदलत असतो.

जॉन जोन्स, मायकेल ड्रेक, नॅन्सी शाबो आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून प्रयोगांतून हा परिणाम मोजला आहे. शाबो आणि जोन्स यांची मांडणी वापरायला सर्वांत सोपी आहे. ‘ग’ म्हणजे द्रवातल्या गंधकाचा मोल-अंश:

मोकळे लोखंड = (१ − २ग) ÷ (१ − ग)
वि = गंधकाविना असलेला वि ÷ (मोकळे लोखंड) चा ‘ब’ वा घात

‘ब’ हा प्रत्येक मूलद्रव्याचा वेगळा आकडा. इरिडियमसाठी शिकण्यापुरते मूळ वि = १.५ आणि ब = ५ धरू. सोन्यासाठी ०.३ आणि २. प्रत्यक्ष अभ्यासात प्रसिद्ध झालेले नेमके आकडे घ्यायचे.

वजनाने १२ टक्के गंधक असलेला द्रव घ्या. आधी वजनाचे मोलमध्ये रूपांतर: १२ ÷ ३२.०६ = ०.३७४ आणि ८८ ÷ ५५.८५ = १.५७६. म्हणून ग = ०.१९२, मोकळे लोखंड ०.७६२, आणि इरिडियमचा गुणांक सुमारे ५.८. गंधक २० टक्के झाले की तोच गुणांक २६ च्या आसपास जातो. वजनाचे टक्के थेट ‘ग’च्या जागी घातले तर आकडे बरेच चुकतात, आणि उत्तर विचित्र दिसत नसल्याने चूक लवकर सापडत नाही. म्हणून हे रूपांतर वेगळ्या रकान्यातच ठेवा.

सोन्याकडेही पाहा. १२ टक्के गंधकाला त्याचा गुणांक ०.५ च्या आसपास असतो, २० टक्क्यांना ०.९ च्या वर. त्याही पुढे तो एक ओलांडतो, म्हणजे इतका वेळ द्रवात साठणारे सोने शेवटी घनाकडे वळते. गॅलियम-जर्मेनियमच्या बाबतीत हे वळण आणखी लवकर येते. थ्री-एबीमध्ये निकेलसोबत आधी जर्मेनियम वाढते आणि मग घटते. याच कारणाने पूर्वी थ्री-ए आणि थ्री-बी असे दोन गट मानले जात. ती एकाच पट्ट्याची दोन टोके होती.

सगळीच मूलद्रव्ये अशी वागत नाहीत. चांदी गंधकप्रिय, त्यामुळे गंधक वाढले की तिचा गुणांक उलट कमी होतो. फॉस्फरसचा परिणाम गंधकासारखाच असतो, तर कार्बनची आवडनिवड वेगळी. पहिल्या प्रयत्नात हे दोन्ही बाजूला ठेवा.

पायरी ७: कोष्टक चालवा

गुणांक सतत बदलत असल्याने एकाच फटक्यात समीकरण सोडवता येत नाही. गाभा एकेक टक्क्याने थिजवायचा. प्रत्येक ओळीत या क्रमाने रकाने ठेवा:

१. उ: १.००, ०.९९, ०.९८ असा उतरता.
२. द्रवातले गंधक: सुरुवातीचे टक्के ÷ उ.
३. ग, मग मोकळे लोखंड, मग प्रत्येक मूलद्रव्याचा वि.
४. द्रवातले नवे प्रमाण: आधीच्या ओळीतले प्रमाण × (नवा उ ÷ जुना उ) चा (वि − १) वा घात.
५. घनातले प्रमाण: वि × द्रवातले प्रमाण.

गंधक ३१ टक्क्यांना पोहोचले की थांबा. लोखंड आणि लोह-सल्फाइड यांचे सर्वांत कमी तापमानाला, ९८८ अंश सेल्सियसला, वितळणारे मिश्रण साधारण तिथे येते. त्यापुढे लोखंडासोबत सल्फाइडही थिजू लागते आणि वरची सूत्रे लागू राहत नाहीत. १२ टक्क्यांनी सुरुवात केली तर हा थांबा उ = ०.३९ ला येतो.

आता पाचव्या रकान्यात इरिडियम शोधा. घन धातूत हजारपट घट व्हायला किती द्रव उरायला हवा? शिकण्यापुरत्या आकड्यांनी उत्तर येते ०.५४ च्या जवळ. आधी दहा लाखांतला एक भाग लागत होता, आता निम्म्याहून अधिक गाभा वाहता असतानाच काम होते. पहिल्यांदा हे उत्तर स्वतःच्या कोष्टकात उतरताना पाहाल तेव्हा या विषयाची खरी ओळख होईल असे मला मनापासून वाटते.

यानंतर सुरुवातीचे गंधक १ पासून १८ टक्क्यांपर्यंत बदलत प्रत्येक वेळी वक्र अशनींच्या बिंदूंवर ठेवा. एकट्या इरिडियमवर विसंबू नका, कारण सुरुवातीचे प्रमाण थोडे हलवले की तो कोणत्याही गंधकाशी जुळवून घेतो. इरिडियम-सोने आणि जर्मेनियम-सोने हे दोन्ही आलेख एकाच गंधकाने जुळले पाहिजेत. शाबो यांनी २००४ मध्ये अशाच पद्धतीने थ्री-एबीसाठी सुमारे १२ टक्के, टू-एबीसाठी सुमारे १७ टक्के आणि फोर-बीसाठी सुमारे १ टक्का गंधक काढले. गंधक स्वतः अशनीत नीट मोजता येत नाही, कारण ते गोळ्यागोळ्यांनी विखुरलेले असते. म्हणून आडवाटेने काढलेल्या या आकड्यांना एवढे महत्त्व आहे.

पायरी ८: रेषेबाहेरच्या बिंदूंना टाकून देऊ नका

सगळे बिंदू वक्रावर बसणार नाहीत. एकाच केप यॉर्कच्या वेगवेगळ्या तुकड्यांतही इरिडियम वेगळे निघते. थिजणाऱ्या धातूच्या फांद्यांमध्ये द्रवाचे खिसे अडकतात आणि नंतर तिथेच थिजतात. असा अशनी घन आणि अडकलेला द्रव यांचे मिश्रण असतो, आणि त्याचा बिंदू दोन वक्रांच्या मधे कुठेतरी पडतो. म्हणून कोष्टकातले चौथ्या आणि पाचव्या रकान्याचे दोन्ही वक्र आलेखावर काढा आणि एकाच ‘उ’चे बिंदू सरळ मिश्रणरेषांनी जोडा. बहुतेक भटके बिंदू या जाळ्यात सापडतात. ट्रॉयलाइटचे, म्हणजे लोह-सल्फाइडचे, मोठे गोळे असलेले अशनी द्रवाच्या बाजूला झुकलेले दिसतात का, हेही तपासा.

ग्रहांकडे जाताना

लघुग्रहाच्या गाभ्यात दाब कमी असतो, त्यामुळे सामान्य दाबाखालचे प्रयोग तिथे चालतात. पृथ्वीच्या आतल्या घन गाभ्याच्या सीमेवर दाब ३३० गिगापास्कलच्या आसपास आहे. वरचे गुणांक तिथे जसेच्या तसे वापरू नका.

पहिली वाटणी, धातू आणि खडक यांच्यातली, दाबाला किती बळी पडते ते निकेलवरून कळते. पृथ्वीच्या गाभ्यात निकेल सुमारे ५.२ टक्के, प्रावरणात सुमारे ०.१९६ टक्के असल्याचा अंदाज आहे. भागाकार साधारण २६. कोबाल्टचा भागाकारही जवळपास तेवढाच, २४ च्या आसपास. सामान्य दाबाखाली मात्र निकेलचा धातू-खडक गुणांक शेकड्यांच्या वर असतो आणि कोबाल्टच्या कितीतरी पट. १९९६ मध्ये ली आणि एजी यांनी दाखवले की दाब वाढवला की दोन्ही गुणांक उतरतात आणि सुमारे २८ गिगापास्कलला एकमेकांजवळ येतात. म्हणजे पृथ्वीचे लोखंड खोल मॅग्मा-महासागरातून (वितळलेल्या खडकाच्या थरातून) उतरताना त्याचा खडकाशी शेवटचा रासायनिक समतोल झाला असावा. इरिडियम-प्लॅटिनमची गोष्ट वेगळी आहे. प्रावरणात ती अपेक्षेपेक्षा जास्त आहेत, आणि गाभा बनल्यानंतर आदळलेल्या द्रव्याने ती आणली, हे त्याचे सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण आहे.

सरावासाठी एक खरे लक्ष्यही आहे. १३ ऑक्टोबर २०२३ ला निघालेले नासाचे सायकी यान २०२९ मध्ये त्याच नावाच्या लघुग्रहापाशी पोहोचायचे आहे. त्या लघुग्रहाची घनता घनसेंटिमीटरला ४ ग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे तो निव्वळ धातूचा गोळा नसावा. यानावरचा गॅमा-किरण आणि न्यूट्रॉन वर्णपटमापक इरिडियम पाहू शकणार नाही, ते प्रमाण फारच कमी असते. पण तो निकेल मोजेल. तुमच्या कोष्टकात निकेलचा रकाना जोडून ठेवा (मूळ वि सुमारे ०.८५), आणि १, १२ व १७ टक्के गंधकाचे तीन वक्र काढून ठेवा. निकेलचा आकडा आला की त्या वक्रांवर तो कुठे बसतो हे पाहता येईल.